बुधवारची रेघ

लिफ्टच्या मिस्त्रीला दर रविवारी सकाळी बायकोला सात चांगल्या गोष्टी सांगाव्या लागत. सोमवारची एक, मंगळवारची एक, अशा शनिवारपर्यंत सहा. सातवी त्याच रविवारची, ती बहुतेक वेळा "चहा झकास झालाय" एवढ्यावर भागायची. हा नियम बायकोचा होता, आणि तिचे नियम मोडायची त्या घरात पद्धत नव्हती.

नियमामागे दुखणं होतं. मिस्त्री कामाला पक्का, हाताचा सरळ, पण डोक्यात काळजीचा कारखाना तीन पाळ्यांत चालू. संध्याकाळी घरी येऊन पाय धुतले की सुरू व्हायचं: मशीनरूमला कुलूप लावलं ना? पाना आत तर नाही राहिला? की चालला पुन्हा चप्पल घालून. एकतीस वर्षांत असा तो शेकडो वेळा परत गेला होता, आणि दर वेळी कुलूप जागेवर, पाना पिशवीत. कंपनीत त्याला 'खातरजमा' म्हणत. एकदा तर तो सिनेमाच्या मध्यंतरात उठून गेला. उरलेला सिनेमा बायकोने एकटीने पाहिला आणि शेवट काय झाला ते त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिने आधी हात टेकले आणि मग ते कमरेवर ठेवले. "परत बघायला जायचंय ना? खुशाल जा. पण आधी आठवड्यातल्या सात चांगल्या गोष्टी सांगायच्या. मग चप्पल." पहिल्या खेपेला तो दाराशी उभा राहून चरफडत सांगू लागला. चौथीपर्यंत येता येता खाली बसला, सातवी झाल्यावर चप्पल कशाला हवी होती तेच विसरला. गुण आला म्हटल्यावर बायकोने औषध कायमचं चालू केलं, काळजी असो वा नसो.

मिस्त्रीचं स्वतःचंही एक औषध होतं. लाल पेंटचा जाड मार्कर. नट आवळला की नटावरून शेजारच्या लोखंडावर जाईल अशी एक रेघ ओढायची. पुढे कधी नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ही कामातली जुनी रीत, सगळेच करतात. मिस्त्रीला मात्र ती दुसऱ्याच कारणासाठी हवी असायची. रेघ ओढली की त्या नटाचा विचार संपला, असं त्याने मनाला शिकवलं होतं. रात्री डोळे मिटले की त्या लाल रेघा एकेक करून दिसत, आणि मग झोप लागे.

त्या रविवारी दहाच्या सुमाराला बायको खिडकीशी गिऱ्हाइकाच्या पँटची खालची दुमड घालत बसली होती. शिवणकाम तिचं. तोंडात दोन टाचण्या, त्यामुळे ती कमी बोलत होती आणि मिस्त्रीला सुखाने बोलता येत होतं.

"सोमवारी," तो म्हणाला, "तो गंजलेला स्क्रू निघाला. दोन वर्षं ऐकत नव्हता बघ. सोमवारी सहज पाना लावला तर एका झटक्यात सुटला."

"हूं."

"मंगळवारी साहेब रजेवर."

"ही चांगली गोष्ट धरायची का?" बायकोने टाचण्या काढून विचारलं.

"तू आमचे साहेब पाहिले नाहीस."

धरली. बुधवार आला आणि मिस्त्रीचा चेहराच खुलला, कारण बुधवारी दोन होत्या. सकाळी तो एका नव्या इमारतीत गेला होता. तिथे एक जोडपं राहायला येत होतं. सामानाची चाळीस खोकी, सगळी एकसारखी, कशात काय आहे त्याचा पत्ता नाही, आणि दोघं लिफ्टसमोर हमरीतुमरीवर आलेले. हमाल मजा बघतायत. मिस्त्रीने मार्कर काढला, एक खोकं हलवून कानाशी धरलं आणि त्यावर लिहिलं, 'फुटणारं'. दुसऱ्यावर लिहिलं, 'फुटलेलं'. आधी नवरा हसला, मग बायको हसली, आणि मग दोघं जमिनीवर बसून एकेक खोकं उघडून नावं घालू लागले. मार्कर मागून घेणं जिवावर आलं म्हणून त्याने तो तिथेच ठेवला.

"आणि दुपारी आपल्या कन्यारत्नाचा फोन. चौथ्या खेपेला का होईना, गाडीचं लायसन्स मिळालं. मी त्या मास्तरीणबाईंच्या इमारतीच्या गच्चीवर होतो. मशीनरूममध्ये आवाज तुटत होता म्हणून बाहेर कठड्याशी आलो आणि चांगली वीस मिनिटं बोललो. किंचाळत होती नुसती."

लेकीचा तो फोन बायकोलाही आला होता, पण तिने पुन्हा एकदा सगळं ऐकून घेतलं. लेकीचं ऐकायला ती कधी कंटाळत नसे.

"गुरुवारी," मिस्त्री म्हणाला, "दुकानदाराने माझ्यासाठी तोच जुन्या बनावटीचा मार्कर शोधून काढला. आता येत नाही तो. माळ्यावर चढला बिचारा."

"नवा कशाला?"

"अगं, जुना त्या जोडप्याला दिला ना."

"हो की." तिने दोरा दातांनी तोडला. "मग बुधवारी दुपारी रेघा कशाने मारल्यात?"

तिने काही मनात धरून विचारलं नव्हतं. मिस्त्रीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

बुधवारी दुपारी मास्तरीणबाईंच्या इमारतीत त्याने ब्रेकचं काम केलं होतं. लिफ्ट मजल्यावर येऊन उभी राहते ती ब्रेकमुळे. गच्चीवरच्या खोलीत मोटरच्या चाकाला दोन जबडे दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात, आणि जबड्यांना जोर देते एक स्प्रिंग. स्प्रिंग किती दाबायची ते एका नटावर ठरतं. तो नट थरथरून आपोआप मागे सरकू नये म्हणून त्याच्या पाठीला दुसरा नट आवळायचा, लॉकनट. आणि मग रेघ. ब्रेक फार करकचून धरत होता, लिफ्ट थांबताना धक्का द्यायची, म्हणून मिस्त्रीने पहिला नट थोडा फिरवून स्प्रिंग बेताची केली होती. तेवढं त्याला लख्ख आठवत होतं. मग रेघ ओढायला त्याने खिशात हात घातला होता. खिसा रिकामा. तेवढ्यात फोन.

रेघेसाठी हात खिशात गेला म्हणजे लॉकनट आवळून झाला होता? की लॉकनट अजून बाकीच होता आणि हात फोनसाठी खिशात गेला होता? तो पुन्हा पुन्हा आठवू लागला. स्प्रिंग, नट, खिसा, लेकीची किंकाळी, ऊन, कठडा. मग एकदम कुलूप लावतानाचा आपला हसरा चेहरा. मधलं काहीच नव्हतं. तिथे लाल रेघ हवी होती, आणि ती नव्हती.

"मी रेघ मारलेली नाही," तो म्हणाला. "चाललो मी."

"शुक्रवार-शनिवार राहिलेत," बायको म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

"अगं, लॉकनट!"

"मागच्या महिन्यात कुलूप होतं. त्याच्या आधी पाना."

"हे तसं नाही."

"दर वेळी तुम्ही हेच म्हणता."

खरंच होतं ते. दर वेळी तो हेच म्हणायचा, अगदी याच आवाजात. आज खरं सांगायलाही त्याच्याकडे वेगळे शब्द उरले नव्हते. त्याने फोन काढून त्या इमारतीच्या वॉचमनला लावला.

"लिफ्ट बंद ठेवा," तो म्हणाला. "मी येईपर्यंत कुणाला आत सोडू नका."

"आज काय विसरलात, मिस्त्री?" वॉचमन हसत होता. "मागच्या वेळी तुमच्या सांगण्यावरून दोन तास बंद ठेवली. सहाव्या मजल्यावरच्यांनी माझा उद्धार केला. आणि निघालं काय? काही नाही."

"आज ब्रेक आहे."

"अहो, आत्ताच वर गेली. मस्त चालू आहे. अकराला मास्तरीणबाई उन्हात बसायला खाली येतात, त्यांना काय चाकाच्या खुर्चीसकट जिन्याने आणू? या तुम्ही निवांत." फोन बंद.

चाकाची खुर्ची. मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं आणि जाईना. लिफ्टच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला भारी वजन टांगलेलं असतं. आत दोनच माणसं असली आणि ब्रेकने धरलं नाही तर लिफ्ट खाली पडत नाही, वर ओढली जाते. दार उघडं असलं तरी. पुढची दोन चाकं आत, मागची दोन बाहेर, आणि पायाखालची फरशी वर चाललेली.

"अगं," तो म्हणाला. "तू कधी गाठ न मारता दोरा तोडला आहेस का?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग हातातल्या पँटकडे पाहिलं. दुमडीच्या टोकाला दोरा नुसताच लोंबत होता. बुधवारचा तो प्रश्न विचारण्याच्या नादात तिने गाठ मारायच्या आधीच तो दातांनी तोडला होता. शिवायला बसायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं, निदान तिच्या माहितीत तरी.

तिने पँट बाजूला टाकली. "स्कूटरची किल्ली आणि हत्यारांची पिशवी घ्या. मीपण येते."

रस्त्यात रविवारची गर्दी नव्हती, तरी प्रत्येक सिग्नल त्यांच्यासाठीच लाल होत होता. मिस्त्री मनात हिशेब करत होता. बुधवार दुपारपासून रविवार सकाळ. सहा मजले, रोजच्या दीडशे-दोनशे फेऱ्या. प्रत्येक फेरीला दोनदा तरी ब्रेक लागणार, सुटणार. प्रत्येक वेळी ती थरथर. नट केसभर फिरत असेल, आणि केसाला केस लागत किती झालं असेल? मागे बसलेल्या बायकोने त्याचा खांदा धरला होता. नेहमी ती "हळू" म्हणायची. आज म्हणाली नाही.

पोचले तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. वॉचमन स्टुलावर बसून नखं कापत होता. मिस्त्रीने त्याच्याकडे न बघता लिफ्टच्या आकड्याकडे पाहिलं. चार. मास्तरीणबाईंचा मजला.

तो जिन्याने धावला. छप्पन्न वर्षांच्या माणसाने धावायचं तेवढं दोन मजले, मग कठड्याला धरून चढत गेला. चौथ्यावर पोचला तेव्हा छातीचा भाता झाला होता. लिफ्टचं दार उघडं होतं. समोर चाकाच्या खुर्चीत मास्तरीणबाई, अंगावर शाल, मांडीवर पर्स, आणि मागे खुर्चीच्या मुठी धरून त्यांची सून.

"जाऊ नका," मिस्त्री म्हणाला. आवाज नीट निघालाच नाही.

"अगंबाई, मिस्त्री!" मास्तरीणबाईंचा चेहरा उजळला. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच सुनेला म्हणत होते, मिस्त्रींना फोन करून शाबासकी दिली पाहिजे. काय सुरेख केलीत हो लिफ्ट! पूर्वी थांबताना असा हिसका बसायचा की माझं कंबरडं बोलायचं. आणि बुधवारपासून कशी अलगद थांबते. काल तर थांबली कधी ते कळलंसुद्धा नाही. या आठवड्यात एवढी एकच गोष्ट माझ्या मनासारखी झाली बघा."

धक्का थोडा कमी व्हायला हवा होता, नाहीसा नाही. थांबली ते कळत नाही म्हणजे जबडे धरत नाहीत, नुसते घासतायत.

"अलगद थांबते, पण जागेवर नाही थांबत," सून म्हणाली. "गुरुवारी बोटभर वर थांबली होती. काल दोन बोटं. चाक अडकतं माझं. आज बघा."

तिघांनी खाली पाहिलं. लिफ्टची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा चांगली तीन बोटं वर होती.

मिस्त्रीची बायको तेवढ्यात वर आली होती. तिला ब्रेकमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता. तिने पुढे होऊन खुर्ची दोन हातांनी मागे ओढली आणि स्वतः मधे उभी राहिली. "मास्तरीणबाई, थोडा वेळ माझ्याशी बोला," ती म्हणाली. "अहो, तुम्ही जा वर."

गच्चीपर्यंतचे तीन मजले आणि वरचा अर्धा जिना तो कसा चढला ते त्यालाच माहीत. कुलपात किल्ली जाईना. गेली. आत जाऊन त्याने आधी मेन स्विच पाडला, मग बॅटरी लावली.

लॉकनट दांड्याच्या पार टोकाला होता. बुधवारी काम करायला सोडवून सरकवला होता तिथेच, तसाच. त्याने बोट लावलं तर तो भिंगरीसारखा फिरला. आणि पहिला नट स्प्रिंगपासून इतका मागे आला होता की अजून दोनतीन फेरे, आणि तो स्प्रिंगला टेकलाही नसता. रेघ कुठेच नव्हती.

मिस्त्री खाली बसला. एकतीस वर्षं तो परत परत जात होता, आणि दर वेळी कुलूप जागेवर, पाना पिशवीत असायचा. आपली भीती खोटी आहे हे त्याला आतून कुठेतरी ठाऊक असायचं, आणि त्याच आधारावर तो जगत आला होता. आज भीतीने आपलं खरं करून दाखवलं होतं. आणि ज्या दिवशी तिने तोंड उघडायला हवं होतं त्या बुधवारी ती गप्प होती, कारण त्या दिवशी तो आनंदात होता. त्याला रडू आलं. डोळे बाहीने पुसून त्याने पाना घेतला.

स्प्रिंग दाबली, नट बसवला, हाताने चाक फिरवून बघितलं. लॉकनट पाठीला लावून अंगातलं होतं नव्हतं ते बळ काढून आवळला. नवा मार्कर काढला आणि रेघ ओढली. रेघ वाकडी आली. मग मेन स्विच चालू करून त्याने लिफ्ट रिकामी दहा वेळा वर-खाली नेली आणि प्रत्येक मजल्यावर फरशीला फरशी लागते का ते जिन्याने उतरत, वाकून, बोटाने चाचपून पाहिलं.

चौथ्यावर तो आला तेव्हा बायको पायरीवर बसली होती आणि मास्तरीणबाई तिला सांगत होत्या की सुनेला वरणाला फोडणी जमत नाही. सून हसत होती.

"चूक माझी होती," मिस्त्री म्हणाला. "बुधवारी एक नट आवळायचा राहिला. लिफ्ट अलगद थांबत होती ती त्यामुळे. ते चांगलं नव्हतं. फार वाईट होऊ शकलं असतं."

सुनेने मास्तरीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी वरून घट्ट धरला.

"आणि मी तुमचं कौतुक करत होते हो!" त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि तो मिस्त्रीला बरा वाटला. "चला, आता तुम्हीच न्या मला खाली. आधी तुम्ही आत जायचं."

तो आधी आत गेला. खुर्ची उंबऱ्यावर न अडता आत आली. खाली येताना मिस्त्री आकड्यांकडे बघत होता. तीन. दोन. एक. जीव टांगणीला लागला होता. तळाला लिफ्ट थांबली, आणि एक धक्का बसला. मास्तरीणबाईंच्या मांडीवरची पर्स उडाली.

"ई! परत हिसका!" त्या म्हणाल्या.

सून त्यांना उन्हात घेऊन गेली. मिस्त्रीने वॉचमनला झालेला प्रकार सांगितला. उद्या आपणच साहेबांच्या कानावर घालतो, असंही त्याला म्हणाला. वॉचमन नखं कापायचा थांबला होता. त्याने उठून स्टूल मिस्त्रीला दिलं आणि मुकाट्याने फाटकाशी जाऊन उभा राहिला.

बायको जिन्याने उतरून आली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या पायरीवर बसली. तिच्या पदरावर अजून पँटचा तो तुटका दोरा चिकटलेला होता.

"गुरुवारची मी परत सांगतो," मिस्त्री म्हणाला. "मार्करची नको ती."

"सांगा."

"गुरुवारी मास्तरीणबाई खाली आल्या आणि घरी पोचल्या."

"हूं."

"शुक्रवारी खाली आल्या आणि घरी पोचल्या. शनिवारी..."

"शनिवारीपण पोचल्या," बायको म्हणाली. "आणि आज?"

"धक्का बसला."

सात झाल्या का ते तिने बोटांवर मोजलं नाही. बाहेर उन्हात मास्तरीणबाई सुनेला खुर्ची जरा डावीकडे घे, नाही, एवढी नाही, म्हणून सांगत होत्या. मिस्त्री ते ऐकत बसला. मग त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, किल्ली चाचपून बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. त्याने बायकोकडे पाहिलं.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"बोला."

"वरचं कुलूप," तो म्हणाला. "लावलं का गं मी?"

बायको उठली. "चला, बघून येऊ," ती म्हणाली, आणि त्याच्या आधी जिन्याकडे वळली.